गोष्टींतले प्राणी आणि दुकानांतले प्राणी

मराठी घरांतील मूल बोलूं लागतें न लागतें तोंच त्याची ओळख ससा, कासव, राघू, चिमणी आणि कावळा ह्यांच्याशीं होते. ह्यांपैकीं पुष्कळांची पहिली भेट रानांत होत नाहीं. ती आजीच्या मांडीवर होते. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे ह्यांनीं इ. स. १८२८ मध्यें इसापच्या नीतिकथा मराठींत आणल्या. पंचतंत्र आणि हितोपदेश तर त्याहून कितीतरी जुने. बोलणारे प्राणी हे असे मराठी बालकांचे पिढीजात सोबती आहेत. मग नांदेड किंवा लातूर ह्यांसारख्या जिल्ह्याच्या गांवीं पांचसहा वर्षांच्या मुलानें दुकानाच्या कांचेला नाक लावून अमेरिकेंतील कासवाच्या पिलासाठीं हट्ट धरावा, असें आजच कां घडूं लागलें? गोष्ट ऐकणें आणि गोष्टींतला प्राणी घरीं आणावासा वाटणें, ह्या दोहोंमध्यें संबंध कोणता आणि तो किती, ह्याचा विचार आईबापांनीं व शिक्षकांनीं करण्याजोगा आहे.

जुन्या कथांतील प्राणी बोलतात ते मुख्यतः माणसांचे गुणदोष दाखविण्यासाठीं. कोल्हा धूर्त, गाढव अडाणी, बगळा ढोंगी, अशी ती योजना असते. वानर आणि मगर ह्यांची कथा ऐकून मगर पाळावी, असें कोणा मुलास वाटल्याचें ऐकिवांत नाहीं. शिवाय कथेंतले पुष्कळसे प्राणी गांवाबाहेर प्रत्यक्ष दिसत असत. कंधारच्या माळावर गुरें राखणाऱ्या पोराला ससा झुडपांतून कसा उसळतो हें ठाऊक असे. मांजरेच्या कांठच्या पोरानें डोहांतलें कासव हात लावतांच मान कशी आंत ओढून घेतें हें पाहिलेलें असे. त्यामुळें कथेंतला ससा वेगळा आणि बांधावरचा ससा वेगळा, हें त्यांना कोणी शिकवावें लागत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बालकथेनें निराळें वळण घेतलें. १८९४ सालीं रुडयार्ड किप्लिंग ह्याचें 'जंगल बुक' प्रसिद्ध झालें. त्यांतील रान शेजारच्या मध्य प्रदेशांतील सिवनीचें आहे. तेथें लांडगे माणसाचें मूल वाढवितात, अस्वल त्याला रानाची विद्या शिकवितें आणि काळा बिबळ्या त्याचा पाठीराखा होतो. प्राणी आतां केवळ बोधाचें साधन राहिला नाहीं. तो मुलाचा मित्र झाला. ह्याच कथेवर जपानांत तयार झालेली चित्रमालिका १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवरून हिंदींत दाखविण्यांत आली, तेव्हां रविवारीं सकाळीं ज्या घरीं दूरदर्शनचा संच असे, त्या घरीं आळींतलीं सारीं मुलें गोळा होत. पुढें अशा मालिकांची आणि चित्रपटांची रीघ लागली. आज तर त्या मोबाईलवर केव्हांहि आणि कितीहि वेळां पाहतां येतात.

अशा कथेंतला प्राणी मुलाला प्रिय कां होतो, हें समजणें कठीण नाहीं. त्याला नांव असतें. हाक मारली कीं तो येतो, रागावला तरी चावत नाहीं, आणि मुलाच्या मनांतलें न सांगतां ओळखतो. मात्र हें सर्व देत असतांना कथाकार प्राण्याचें बरेंच कांहीं काढून घेतो. कथेंतल्या अस्वलाच्या अंगाला घाण येत नाहीं. कथेंतल्या पोपटाचा पिंजरा कोणाला धुवावा लागत नाहीं. कथेंतलें कासव शर्यत जिंकतें, तेथेंच गोष्ट संपते. पुढें तें आणखी तीस वर्षें जगणार असतें आणि रोज कांहीं तरी खाणार असतें, हें गोष्टींत येत नाहीं. मूल मागतें तें गोष्टींतलें अर्धें जनावर. दुकानांतून मात्र पुरें जनावर घरीं येतें.

ह्याचें सर्वांत ठळक उदाहरण जपानांत घडलें. उत्तर अमेरिकेंत रॅकून नांवाचा एक प्राणी आहे. तो मांजराहून थोडा मोठा, झुपकेदार पट्टेरी शेपटीचा आणि डोळ्यांभोवतीं काळी पट्टी असलेला असतो. स्टर्लिंग नॉर्थ ह्या अमेरिकन लेखकानें आपल्या बालपणीं पाळलेल्या रॅकूनची हकीकत 'रास्कल' ह्या नांवानें १९६३ सालीं लिहिली. १९७७ मध्यें तिच्यावर जपानांत बावन्न भागांची चित्रमालिका निघाली व ती अत्यंत लोकप्रिय झाली. घरोघरच्या मुलांना रॅकून हवासा झाला, आणि व्यापारी अमेरिकेंतून वर्षाला हजाराहून अधिक रॅकून आणूं लागले. पिलूं असेतोंवर हा प्राणी मोठा गोजिरवाणा असतो. वयांत आला कीं तो चावरा व अनावर होतो. पुढच्या पंजांनीं दारें, कड्या आणि डबे उघडतो. कंटाळलेल्या कुटुंबांनीं ते रानांत नेऊन सोडले. कांहीं आपणच पळाले. मालिकेपूर्वींहि, १९६२ मध्यें, एका प्राणिसंग्रहालयांतून कांहीं रॅकून निसटले होते. परंतु ठिकठिकाणीं त्यांचा फैलाव झाला तो नंतरच्या काळांत. आज ते जपानच्या बहुतेक सर्व प्रांतांत आहेत. ते शेतांतील मका व कलिंगडें खातात, जुन्या लाकडी देवालयांच्या माळ्यांवर पिलें घालतात आणि देशी बेडूक, पक्षी व सरडे ह्यांचा फडशा पाडतात. परकी जीवांविरुद्ध तेथील सरकारनें २००५ पासून कायदा अमलांत आणला, त्यांत रॅकून पाळण्यास व आणण्यास मनाई आहे. ह्यांत विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, मूळ पुस्तकाच्या अखेरीस तो मुलगा आपला लाडका रॅकून पुन्हां रानांत, त्याच्या जातभाईंकडे पोंचवितो. जपानी मुलांनीं त्याचेंच अनुकरण केलें. फक्त तें रान रॅकूनचें नव्हतें.

दुसरें उदाहरण घुबडाचें. हॅरी पॉटर ह्या इंग्रज बालकथामालेंत जादूगार मुलें घुबडें पाळतात. २०१० सालीं भारतांतील घुबडांच्या चोरट्या व्यापारावर एक अहवाल प्रसिद्ध झाला. भारतांतील घुबडांच्या सुमारें ३० जातींपैकीं निदान १५ जाती ह्या व्यापारांत सांपडतात, असें त्यांत नमूद होतें. तेव्हांचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनीं शहरी मुलांच्या ह्या हौसेकडे बोट दाखविलें होतें. तथापि त्याच अहवालावरून दिसून आलें कीं, घुबडांचा मोठा घात करते ती जादूटोण्याची आणि दिवाळीच्या सुमारास घुबड बळी देण्याची अंधश्रद्धा. म्हणजे आपल्याकडे गोष्टीचा वाटा असला तरी तो लहान होता. इंडोनेशियांतील जावा व बाली बेटांत मात्र प्रकार निराळा दिसला. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें तेथील पक्षिबाजारांत शतकाच्या आरंभीं वर्षाला कांहीं शेंकडा घुबडें विकलीं जात. २०१६ पर्यंत ती संख्या सुमारें १३,००० वर गेली. पूर्वीं तेथें घुबडाला 'भुताचा पक्षी' अशा अर्थाचें नांव होतें. आतां बाजारांत त्याला 'हॅरी पॉटरचा पक्षी' म्हणतात.

ह्याच्या उलट दाखलेहि आहेत आणि न्यायबुद्धीनें तेहि सांगितले पाहिजेत. २०१६ सालीं एका निळ्या समुद्री माशावर चित्रपट निघाला, त्या वेळीं ह्या माशाची मागणी भरमसाट वाढेल अशी भीति पुष्कळांनीं व्यक्त केली होती. पुढें संशोधकांनीं आंकडे तपासले, तेव्हां लोकांनीं त्या माशाविषयीं माहिती अधिक शोधली खरी, परंतु अमेरिकेंतील त्याची आयात वाढल्याचें दिसलें नाहीं. ह्या माशाला खाऱ्या पाण्याचें मोठें भांडें व बराच खर्च लागतो. तेव्हां कथा ही एकटी कांहीं करूं शकत नाहीं. कथेनें इच्छा जागी होते. ती पुरी करणारा प्राणी स्वस्त, लहान आणि सहज मिळणारा असला म्हणजेच इच्छेची मागणी बनते. हें सूत्र ध्यानांत ठेवून आतां आपल्या मुलखाकडे पाहावें.

प्रथम कासव. मराठवाड्यांतील गांवोगांवच्या महादेवाच्या देवळांत नंदीपुढें दगडी कासव असतें. ससा आणि कासव ह्यांची शर्यत तर प्रत्येक मुलाला पाठ असते. त्यांत घरांत कासव ठेवल्यानें भरभराट होते ही समजूत मिळाली, म्हणजे मुलाचा हट्ट आणि वडिलांची हौस एक होते. पूर्वीं ह्यासाठीं पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेलें देशी भूकासव चोरून विकलें जाई, आणि अजूनहि तो धंदा बंद झालेला नाहीं. देशांतील केवळ एका व्यापारी ठाण्यांतून वर्षाकांठीं निदान ५५,००० चांदणी कासवें रानांतून पकडून नेलीं जातात, असें २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आढळलें. २०१९ पासून ह्या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ पूर्णपणें निषिद्ध आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनें तें पहिल्या अनुसूचींत घातलें आहे.

कायद्याच्या धाकानें दुकानदारानें त्याच्या जागीं दुसरें कासव आणलें. डोळ्यामागें तांबडी पट्टी असलेलें हें हिरवें पाणकासव अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतलें आहे. विक्रीच्या वेळीं तें रुपयाच्या नाण्याहून थोडें मोठें असतें, आणि हें एवढेंच राहतें असें गिऱ्हाइकाला सांगण्यांत येतें. वस्तुतः ह्याची मादी सुमारें एक फूट लांबीची होते आणि तीस वर्षें सहज जगते. त्याला पोहण्यापुरतें खोल पाणी, चढून बसण्यास कोरडी जागा आणि रोजचें ऊन लागतें. ऊन न मिळाल्यास कवच मऊ पडून वेडेंवांकडें होतें. शिवाय तें पाणी घाण फार करतें व तें वरचेवर बदलावें लागतें. एप्रिल २०१६ मध्यें ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, तेथील गृहिणीनें कासवाचें भांडें आठवड्यांतून कितीदां भरावें? ह्या कासवांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे रोगजंतु असूं शकतात व ते लहान मुलांच्या पोटांत गेल्यास हगवण व ताप येतो. ह्याच कारणानें अमेरिकेंत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवें हौसेखातर विकण्यास बंदी आहे.

कासव मोठें झालें कीं घरच्यांना दया येते, आणि एखाद्या शुभ दिवशीं तें तलावांत किंवा नदींत सोडण्यांत येतें. दया खरी असली तरी परिणाम दयेचा होत नाहीं. जगांतील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परकी जीवांच्या यादींत ह्या कासवाचें नांव आहे. गोदावरींत आणि तिला मिळणाऱ्या नद्यांत मऊ पाठीचीं देशी कासवें राहतात. मेलेलें व कुजलेलें खाऊन तीं पाणी स्वच्छ ठेवतात. अन्न, उन्हाची जागा आणि अंडीं घालण्याची वाळू ह्यांसाठीं परकें कासव त्यांच्याशीं स्पर्धा करतें. विष्णुपुरीच्या जलाशयांत एक कासव सोडल्यानें काय बिघडणार, असें प्रत्येक घराला वाटूं शकतें. जपानांतहि प्रत्येक घरानें एकेकच रॅकून सोडला होता.

दुसरा प्राणी राघू. शुकबहात्तरीपासून तो कथा सांगत आला आहे. पोपट बोलतो ही त्याची ख्याति मूळ कथेंतलीच. त्यामुळें तो कोंबडीसारखा पाळीव पक्षी होय, असा पुष्कळ सज्जनांचा समज आहे. तो खरा नाहीं. गळ्याभोंवतीं गुलाबी कंठी असलेला आपला राघू रानपक्षी आहे. बाजारांतील जवळजवळ प्रत्येक पिलूं आंब्याच्या, चिंचेच्या किंवा वडाच्या ढोलींतून काढलेलें असतें. देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. राघू पिंजऱ्यांत ठेवणें हाहि गुन्हा आहे. ही बंदी ठाऊक झालेले हौशी लोक आतां परदेशी पोपटांकडे वळतात. ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकण्यांत येतें, ते बहुधा ऑस्ट्रेलियांतील बजरीगर असतात. ते पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यांत वाढलेले असल्यामुळें सोडून दिल्यास उपासानें किंवा कावळ्यांच्या चोंचीनें मरतात. आफ्रिकेंतील करडा पोपट उत्तम बोलतो म्हणून त्याला मोठी किंमत येते. परंतु रानांतून इतके पकडले गेले कीं, २०१६ मध्यें जोहान्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्याच्या व्यापारावर कडक निर्बंध घालावे लागले. अशा सूचिबद्ध परदेशी प्राण्यांची नोंदणी मालकांनीं करावी, असा नियम भारत सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें केला आहे.

तिसरा प्राणी ससा. मराठी कथेंतला ससा हा खरें पाहतां माळावरचा तपकिरी, मानेवर काळा डाग असलेला रानससा आहे, आणि त्याला कायद्याचें संरक्षण आहे. परंतु चित्रकारांनीं तो पांढरा शुभ्र, तांबड्या डोळ्यांचा काढला. तो मूळ युरोपांतील पाळीव ससा होय. मुलानें चित्रांतला ससा मागितला आणि दुकानदारानें तो दिला. ह्या प्राण्याला घाम येत नाहीं. कानांवाटे तो अंगांतली उष्णता बाहेर टाकतो. तीस अंशांच्या वर उन्हाळा चढला कीं त्याचे हाल सुरू होतात, आणि नांदेडास वैशाखांत पारा बेचाळीसवर जाणें नवलाचें नाहीं. चित्रांत त्याच्या हातीं नेहमीं गाजर असतें. प्रत्यक्षांत त्याचे दांत जन्मभर वाढत असल्यामुळें ते झिजण्यासाठीं त्याला मुख्यतः सुकें गवत लागतें, आणि गोड गाजर फार दिल्यास त्याचें पोट बिघडतें. चित्रावर विसंबून पाळलेले किती तरी ससे पहिला उन्हाळाहि पाहत नाहींत.

कुत्रा हा तर खरोखरीच पाळीव प्राणी. परंतु तेथेंहि हाच क्रम दिसतो. ठिपक्याठिपक्यांच्या डाल्मेशियन कुत्र्यांवरील प्रसिद्ध बालचित्रपट अमेरिकेंत १९८५ सालीं पुन्हां दाखविण्यांत आला. त्या वर्षीं तेथें ह्या जातीच्या ८,१७० कुत्र्यांची नोंद झाली होती. १९९३ मध्यें ती ४२,८१६ वर पोंचली. आपल्याकडे २००३ मध्यें एका मुलाच्या मागोमाग चालणारें पग जातीचें कुत्रें हच कंपनीच्या जाहिरातींत आलें आणि ह्या जातीला गांवोगांव मागणी आली. चपट्या नाकामुळें ह्या कुत्र्याला उन्हाळ्यांत श्वास घेणेंहि जड जातें. आणि हें सर्व कोठें घडतें? ज्या लातूर जिल्ह्यांतील चाकूर तालुक्यांत जानवळसारखें गांव लांब पायांच्या, वाऱ्यासारख्या धांवणाऱ्या कारवान कुत्र्यांसाठीं ओळखलें जातें तेथें. देवणी गाय ह्याच जिल्ह्याची. तिच्या वानेरा, बालंक्या आणि शेवरा ह्या तीन तऱ्हा वृद्ध शेतकरी रंगावरून ओळखतात. लाल कंधारी बैल नांदेडचा. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत तो आणि उमदे घोडे पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. ऊन सोसणारीं, इथल्याच चाऱ्यावर वाढलेलीं हीं जनावरें; पण त्यांना नायक करून लिहिलेल्या बालकथा बोटांवर मोजण्याइतक्याहि मुलांच्या हातीं पडत नाहींत. ज्याची गोष्ट नाहीं, त्याची ओढहि नाहीं.

तर मग प्राण्यांच्या गोष्टी मुलांना सांगूं नयेत काय? असा निष्कर्ष काढणें म्हणजे रोगाबरोबर रोग्यालाहि मारणें होय. प्राण्यांविषयीं ममता उत्पन्न होते ती बहुधा गोष्टींतूनच. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पांतील अनाथ वन्य प्राण्यांवर विलास मनोहर ह्यांनीं 'नेगल' आणि प्रकाश आमटे ह्यांनीं 'रानमित्र' हीं पुस्तकें लिहिलीं. बिबळ्या माणसाच्या घरीं कां आला, तर शिकारींत त्याची आई मारली गेली म्हणून, हें अशा पुस्तकांत वाचावयास मिळतें. तें वाचणाऱ्या मुलाला बिबळ्या आवडूं लागतो, आणि तो घरीं असणें ही हौस नसून नाइलाज होता, हेंहि समजतें. गोष्ट कमी करण्यापेक्षां ती पुरी करणें हाच ह्यावर उपाय आहे.

तो उपाय शिक्षकाला वर्गांत आणि आईला घरीं सहज करतां येतो. गोष्ट संपल्यावर चारच प्रश्न विचारावेत: हा प्राणी खरोखर कोठें राहतो? काय खातो? किती वर्षें जगतो? आणि त्याला त्याचीं भावंडें लागतात कीं नाहींत? मुलांना हीं उत्तरें शोधण्यांत मूळ गोष्टीइतकाच रस वाटतो. कासव तीस वर्षें जगतें हें कळलेलें मूल आपण तेव्हां केवढे असूं ह्याचा हिशेब करूं लागतें, आणि त्या हिशेबांत हट्ट पुष्कळदां आपोआप विरतो. उरलेल्या ओढीला वाट द्यावी. उन्हाळ्यांत गच्चीवर पाण्याचें पसरट मडकें ठेवलें तर चिमण्या, बुलबुल आणि साळुंक्या रोज येतात. त्यांना नांवें ठेवण्यास कोणाची मनाई नाहीं. यात्रेला गेल्यावर मुलाला मिठाईच्या दुकानाइतकाच वेळ बैलांच्या व घोड्यांच्या रांगेंत उभें राहूं द्यावें.

ज्या घरीं असा प्राणी आधींच आला आहे, त्यांनीं घाबरून तो नदींत किंवा माळावर सोडूं नये. परदेशी कासव किंवा पक्षी नीट संभाळणें जमत नसेल, तर पशुवैद्याचा सल्ला घेऊन संभाळूं शकणाऱ्याच्या हवालीं करावा. देशी पोपट, चांदणी कासव किंवा कोणताहि रानांतला जीव असेल, तर तो वनविभागाकडे द्यावा; महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर त्यासाठीं दूरध्वनि करतां येतो. ह्या वेळीं मुलालाहि बरोबर न्यावें आणि हा प्राणी कोठें चालला आहे हें त्याला समजावून सांगावें. त्याला थोडें रडूं येईल. परंतु दुकानांतून अर्धीच घरीं आलेली गोष्ट त्याच्यापुरती त्या दिवशीं पुरी होईल.